पाचशे एक्याण्णव

८ जून १९६३, शनिवार

परिपत्रक आलं! पुण्यास तीन महिन्यांचा वर्ग – जुनी दप्तरं लावणं, मोडी आणि उर्दू कागद वाचणं, जपणं. ८ जुलैपासून. जिल्ह्यातून एकच माणूस. शेवटी परीक्षा, मग प्रमाणपत्र.

नायब तहसीलदार बलभीमरावांनी ते सरळ माझ्याच टेबलावर ठेवलं. म्हणाले, "गोपाळराव, तुम्ही तिथल्या मास्तरलाच शिकवून याल." मी हसलो नाही. बोलणं खरं होतं.

पण प्रमाणपत्र! माझी शाळा चौथी उर्दूपर्यंत. मोडी स्वतः शिकलो, इंग्रजी डिक्शनरीवरून. चोवीस वर्षं रेकॉर्डखोली सांभाळतोय, आणि शिक्का मारलेला, माझ्या नावाचा असा एक कागद जवळ नाही. सगळे दुसऱ्यांचे.

११ जून

प्रवास ठरवला. रविवार ७ जुलै. एसटीनं येडशी, येडशीहून बार्शी लाईटची छोटी गाडी, कुर्डुवाडीला उतरून मोठी गाडी. वेळांसाठी येडशीच्या स्टेशनमास्तरला उत्तराचं जोडकार्ड टाकलं. एसटीच्या कंट्रोलरला विचारलं तर म्हणाला, "सकाळी हाय एक." सकाळी म्हणजे किती वाजता? त्याला सांगता आलं नाही.

पेटीवर नाव रंगवलं. अक्षरं पट्टीनं आखून.

शारदेनं शेंगाचटणी कुटायला घेतली. मी म्हटलं, अजून महिना आहे. तर म्हणते, "पुण्यात भाजीत गूळ घालतात म्हणं. तीन महिने कसं निघायचं तुमचं?"

अंथरूण बांधायला होल्डॉल नाही. जैनोद्दीनसाहेबांकडं आहे. वीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. गेल्या सप्टेंबरात ते रिटायर झाले, आता पुतण्याच्या सायकलदुकानात बसतात. मागायला गेलो. म्हणाले, "हौ, घेऊन जा की. छत्तीस साली हैदराबादला ट्रेनिंगला गेलो तवाचा आहे. उंदरानं ठेवला असंल तर."

१४ जून

छापील फॉर्म आला. रकाना सहा: १ जुलैस वयाची पंचेचाळीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत.

सर्व्हिस बुकात माझी जन्मतारीख एप्रिल १९१८. म्हणजे गेल्या एप्रिलात पूर्ण. अडीच महिन्यांनी गेलं!

१५ जून

शारदेला सांगितलं नाही. ती चटणी कुटतेय.

१७ जून

येडशीहून सीतामावशी आल्या. आईच्या मागं त्याच एक उरल्यात. चेहरा पाहून विचारलं, तेव्हा वयाचं बोललो.

"पंचेचाळीस कुठलं रं? तू मानमोडीनंतरचा."

मानमोडी म्हणजे अठरा सालचा तो ताप. मी म्हटलं, मावशी, मी आधीचा आहे. हिशोब आहे.

"हिशोब गेला चुलीत. मानमोडीत दिवाळीला तुझा थोरला भाऊ गेला. पाच महिन्यांची पोटुशी होती अक्का तवा. चैताचा पाडवा झाला आन् तू झालास."

आईही अगदी हेच सांगायची. मी दर वेळी तिला खोडून काढत असे – आई, तुझ्या ध्यानात राहत नाही. शेवटी शेवटी तिनं सांगणं सोडलं.

झोप नाही. पाच महिन्यांची पोटुशी – असली गोष्ट बाई विसरत नाही.

१८ जून

सकाळी आठलाच कचेरीत गेलो. माझ्या खुर्चीमागं भिंतीवर तक्ता आहे. मीच काढलेला. निजामाचं राज्य गेलं, इंग्रजी तारखा लागल्या, तेव्हा सगळ्या नोकरांच्या फसली जन्मतारखा बदलायच्या होत्या. कुणाला येईना. मी एका दुपारी रीत बसवली: फसली सनात ५९० मिळवा. पडताळूनही पाहिली होती. तो दिवस डिसेंबर १९४९, फसली महिना बहमन, सन १३५९. तेराशे एकोणसाठ अधिक पाचशे नव्वद – एकोणीसशे एकोणपन्नास. चोख! कोऱ्या जाड कागदावर बोरूनं लिहून काचेत बसवली.

आज दुसरी तारीख घालून पाहिली. पोलीस ॲक्शन. आबान, म्हणजे सप्टेंबर, १३५७. अधिक ५९० – सत्तेचाळीस!

पोलीस ॲक्शन अठ्ठेचाळीसची. पोरांनाही माहीत आहे.

फसली साल आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात लागतं. जानेवारी आली की इंग्रजी साल पुढं जातं, फसली तेच राहतं. तेव्हा पहिल्या तीन महिन्यांना ५९०, उरलेल्या नऊ महिन्यांना ५९१. मी पडताळणी केली ती पहिल्या तीनातच बसणारी. एवढं साधं! माझा जन्म खुर्दाद १३२८. म्हणजे एप्रिल १९१९. वय चव्वेचाळीस. मी पुण्याला जाऊ शकतो!

आई बरोबर होती.

मग दप्तर काढलं. त्या तक्त्यानं चौदा जणांच्या तारखा बदलल्या, अकरा चुकल्या. सगळे एका वर्षानं म्हातारे. दहा जण अजून नोकरीत आहेत. अकरावे जैनोद्दीनसाहेब. आबान १३१७. मी १९०७ लावलं. खरं १९०८. रिटायरमेंटची पंचावन्न यंदाच्या सप्टेंबरात पुरी होतात. आपण त्यांना गेल्या सप्टेंबरात घरी बसवलं.

हुकूम आला त्या दिवशीचं त्यांचं बोलणं आठवतंय. "गोपाळराव, मी तुग्यानीच्या महिन्यातला, अम्माँ सांगायची." तुग्यानी म्हणजे मुसा नदीला आलेला तो पूर, अर्धं हैदराबाद वाहून गेलं तो. मी पाच माणसांसमोर म्हणालो, "साहेब, अम्माँच्या आठवणीवर सर्व्हिस बुक चालत नसतं." ते तक्त्याकडं बघत राहिले, मग हसले आणि सही केली.

तुग्यानी कोणत्या साली आली हे मला पाठ होतं. १९०८. पडताळून बघावं असं वाटलं नाही.

२० जून

बलभीमरावांना सगळं सांगितलं. दार लावून ऐकलं.

"तुमच्यापुरती दुरुस्ती करा. उतरवताना झालेली चूक म्हणून. मी सही करतो."

"आणि तक्ता?"

"राहू द्या की लटकत. भिंतीला बरा दिसतो."

"बाकीचे दहा?"

"गोपाळराव, ते उघडलं की अकराही बुकं वर जाणार. तुमचंही. चार महिने येत नाहीत परत. मग पुणं विसरा."

खरं आहे. पुढच्या एप्रिलात मला पंचेचाळीस पूर्ण. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

ते पुढं म्हणाले, "आणि जैनोद्दीनसाहेबांनी तक्रार केली का? नाही ना."

२१ जून

माझी एकट्याची दुरुस्ती केली. अक्षर वाकडं आलं.

२४ जून

फॉर्म गेला. सायकलदुकानावरून जायचा रस्ता सोडलाय. मागच्या गल्लीनं जातो, चारशे पावलं जास्त पडतात.

२ जुलै

निवड झाली. बलभीमरावांनी पेढे मागवले. मी माझा कागदात गुंडाळून ठेवला.

स्टेशनमास्तरचं उत्तरही आलं, वेळा मिनिटांसकट. असा माणूस पाहिजे.

४ जुलै

जैनोद्दीनसाहेब स्वतः घरी आले. होल्डॉल सायकलच्या कॅरियरला बांधून. शारदेनं चहा टाकला.

"उंदरानं सोडला म्हणायचा," ते म्हणाले. "पट्टा नवा लावलाय. मोठ्या गाडीत खिडकीला बसू नक्को, कोळसा डोळ्यात जातो. आणि मास्तर चुकला तर सगळ्यांसमोर बोलू नक्को. भायेर बोलव, मग सांग."

शारदा हसली. "त्यांना कुठलं जमतंय ते."

"मला जमतं," साहेब म्हणाले. कप ठेवला आणि गेले.

सांगणार होतो. मनात चार वेळा वाक्य जुळवलं. त्यांचा कप रिकामा झाला तरी तोंडातून निघालं नाही.

५ जुलै

होल्डॉल उलगडून झटकला. आतल्या खिशात घडी घातलेला कागद. त्यांच्या रिटायरमेंटचा हुकूम. मागं पेन्सिलीनं, उर्दू आकड्यांत:

आबान १३१७ – तुग्यानी – १९०८.

खाली रेघ. रेघेखाली नुसतं: ५९१.

त्याखाली तारीख. हुकूम मिळाला त्याच दिवसाची.

म्हणजे त्यांना त्याच दिवशी समजलं होतं. त्या पाच माणसांत उभं राहून. भायेर बोलव, मग सांग – मला बाहेर बोलावून सांगायला त्यांना एवढे महिने होते. मी कधी त्यांना भेटायला गेलोच नाही. गेलो तेव्हा होल्डॉल मागायला.

कागद राहून गेला की ठेवला, ठाऊक नाही. विचारायचं धाडस नाही.

पेटी बांधून तयार आहे. पंधरा वेळा उघडली आणि लावली.

६ जुलै, शनिवार

तक्ता उतरवला. काचेमागं पालीची अंडी होती. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला.

अहवाल लिहिला. पहिलं वाक्य: "तक्ता चुकीचा आहे, व तो मी काढलेला आहे." खाली अकरा नावं. पहिलं जैनोद्दीनसाहेबांचं, अकरावं माझं. २१ तारखेची दुरुस्ती रद्द समजावी, हेही लिहिलं.

बलभीमरावांनी दोनदा वाचला. "उद्या गाडी आहे ना तुमची?"

"होती."

"फार पस्तावाल." मग पेन उघडत, "मसुदा मात्र चांगला झालाय," म्हणाले, आणि खाली सही केली.

पुण्याला भूमचा कारकून जाईल. वय तेहतीस. त्याला गाड्यांच्या वेळा लिहून पाठवल्या, मिनिटांसकट.

सायकलदुकानात जाऊन होल्डॉल परत दिला. कागद होता तिथंच, होता तसाच ठेवून. मग साहेबांना दुकानाबाहेर बोलावलं आणि सांगितलं.

शारदेनं पेटीतली चटणी काढून बरणीत भरली. झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "गुळाची भाजी टळली म्हणायची."

२ सप्टेंबर, सोमवार

हुकूम आला. बरोबर साडेदहाला जैनोद्दीनसाहेब कचेरीत हजर. २८ तारखेपर्यंत, म्हणजे सत्तावीस दिवस. आल्या आल्या भिंतीवरचा नवा तक्ता बोट लावून वाचला. मग माझ्याकडं पाहिलं, आणि दाराकडं चालू लागले. बाहेर व्हरांड्यात हळूच म्हणाले, "आजूर ऑक्टोबरच्या सहाला लागतो, गोपाळराव. ऑक्टोबरचे पहिले पाच दिवस जुन्या सालात जातात. तुमी तेवढे सोडले." मी आत जाऊन वही आणली.