मोहफुलाची टोपली

मंगळवार, मोहर्ली. दिवे लागले.

उद्या पहिल्यांदा फॉरेनचे पाहुणे घेऊन जंगलात जायचं हाये. गाईड झाली तेव्हापासून वाघाची गोष्ट हिंदीत सांगत आली. उद्या इंग्रजीत सांगा लागन. सून शिकवून राह्यली. भेव दाखवते तो फ्रायटनिंग, भेला तो फ्रायटन्ड. एका भेवाले दोन शब्द! एवढा कुटाणा काऊन?

सून म्हणे, "वाघ फ्रायटनिंग. आन आई, तुमी?"

"मी काई भेली नाई."

"मंग त्या दिवशी टोपली कुठी राह्यली?"

त्या दिवशी मी जंगलात वाकून मोहफुलं वेचत होती. मान वर केली तं समोर वाघ. मी उभी झाली, तसा तोच मागं सरकला आन नाल्यात उतरला. लोकाइले एवढंच सांगत आली. टोपली तिथीच टाकून घरापर्यंत पळाली, हे कोणालेच नाई सांगितलं. घरधन्यालेबी नाई.

पण तो मागं काऊन सरकला? तोबी फ्रायटन्ड होता काय? सुनेले पुसलं तं म्हणे, "हे पुस्तकात नाई, आई."

वाघाले कोण पुसन? उद्या पहिले माझं सांगीन. टोपलीसकट.