आर्वोकाकाचं खोगीर

इश्पेमिंग, मिशिगन
१९ ऑगस्ट २०१८

ती. ऐलीकाकूस,
ब्रीटाचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेला थिंबलबेरीचा जॅम पोचला आणि बाबांनी दोन दिवसांत फस्तही केला. मला जेमतेम बरणी चाटायला मिळाली.

आता मुद्द्याचं. यंदा मीही धनुष्य घेऊन हरणाला जाणार आहे, आणि तेही झाडावरून, आर्वोकाकासारखी. कमरेला खोगीर बांधायचं, बुंध्याला पाय लावायचे आणि दोरावर भार टाकून वाट बघायची. हंगाम एक ऑक्टोबरला उघडतो. बाबा म्हणतात, थोरल्याचं सामान धाकट्याने वापरायचं ही आपल्या घरची रीत, मग आर्वोचं खोगीर असताना नवं कशाला? काका जाऊन दोन वर्षं होत आली. झाडावर त्याचा पाय घसरला, त्यात खोगिराचा काय दोष, असंही ते म्हणाले.

काकू, देशील का ते मला? धनुष्य ओढायला त्यानेच शिकवलं. त्याच्या खोगिरात बसले की तो जवळ आहे असं वाटेल.

लोभ आहेच, तो जॅमसकट वाढावा.
तुझी ब्रीटा


पेल्की
२५ ऑगस्ट

चि. ब्रीटास,
अनेक आशीर्वाद.

खोगीर मिळणार नाही. रागावू नकोस, आणि रेनोला मध्ये घालू नकोस. तुझा बाप असला तरी माझा दीर आहे, त्याचं तोंड कसं बंद करायचं मला ठाऊक आहे.

जायचंच असेल तर नवं घे. दुकानात जाऊन अंगावर चढवून बघ, तेही थंडीतला जाड कोट घालून. तपासणीची चिठ्ठी शिवलेली नसेल तर हात लावू नकोस. कोणी वापरलेलं देऊ केलं तर त्याला लांबूनच नमस्कार. दोर दोन लागतात. एक चढताना बुंध्याभोवती, दुसरा वर पोचल्यावर डोक्याच्या उंचीवर. दुसरा पक्का झाल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. हात भरून आले, समोर दहा फाट्यांच्या शिंगांचं हरीण येऊन उभं राहिलं, तरी नाही. दोर कधी ढिला ठेवू नकोस. कड्या आपोआप बंद होणाऱ्या घे. महिनाभर जमिनीपासून वीतभर उंचीवरच बसायची सवय कर. बाकी पिशव्या नि हुकांची खोगीरभरती नको. खिशात शिट्टी ठेव, आणि कोणत्या झाडावर जातेस ते लिहून रेनोच्या टेबलावर ठेवत जा.

आर्वो हरखून गेला असता, एवढं मात्र खरं.

जपून राहा, आणि म्हातारीवरची माया कमी होऊ देऊ नकोस.
ऐलीकाकू


इश्पेमिंग
१६ सप्टेंबर

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

तुझा शब्द मोडला नाही. नवं खोगीर घेतलं, दोन दोर, कड्या, शिट्टी, सगळं. दुकानदाराने विचारलं की हे कोणी शिकवलं. मी सांगितलं, स्टुलावरसुद्धा न चढणाऱ्या माझ्या काकूने.

घरची रीतही सोडली नाही हं. आणल्या दिवसापासून सगळं दोरांसकट अंगणातल्या तारेवर आहे, भर उन्हात. आजीने तुला नि आईला शिकवलं तसंच. माणसाचा वास उडाला पाहिजे, नाहीतर हरीण फिरकेल कशाला? शेजारी बाबांचं सामान लटकतंय, दरवर्षीसारखं जुलैपासून. बाबा एक तारखेला माझ्या पलीकडच्या मॅपलवर चढणार आहेत.

एक गोष्ट मात्र डाचते. काकाचं खोगीर का नाही, ते तू लिहिलंच नाहीस. माझ्यावर विश्वास नाही का?

तरीही तुझीच,
ब्रीटा


पेल्की
२० सप्टेंबर

ब्रीटा,

आधी उठ आणि ते सगळं तारेवरून काढ. मग पुढचं वाच.

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा रेनोने उचलला. ठेवून दिला.

आर्वोचा पाय घसरला नव्हता. घसरला असं मीच सांगितलं, आणि सगळ्यांनी मानलं. त्याला जंगलातून आणणाऱ्यांपैकी एकाने खोगीर माझ्या हातात दिलं. खोगिरालाच जोडलेला कमरेपुढचा दोर, ज्याच्यावर सगळा भार असतो, तो मधोमध तुटला होता. त्याने विचारलं, हा उन्हात असायचा का? मी म्हटलं, दर उन्हाळ्यात, अकरा वर्षं. मग तो हळूच म्हणाला की ऊन असले दोर आतून खातं. मी घरात गेले आणि दार लावून घेतलं.

ते मीच लटकवायची, पोरी. चिमटे लावून, रोज उलटसुलट करून. एका वर्षी आर्वो म्हणाला, दोर पांढरा पडलाय. मी म्हटलं, स्वच्छ झालाय. तो हसला आणि घेऊन गेला.

दोन वर्षं हे गिळून बसले आहे. लोकांनी मला विधवा म्हणून सूप आणून दिलं आणि मी ते प्यायले.

सोबत त्या दोराचा तुकडा आहे. बोटांनी वाकवून बघ. तुझे दोर टाकून दे, दुसरे घे आणि अंधाऱ्या फडताळात ठेव. हरणाला वास आला तर येऊ दे.

यानंतर माझ्यावर लोभ ठेवावासा वाटला तर ठेव.
ऐली


इश्पेमिंग
२५ सप्टेंबर

ती. ऐलीकाकूस,
ब्रीटाचा सा. न. वि. वि.

सगळं काढलं. नवे दोर आणले, ते कोटांच्या कपाटात आहेत.

तुझं पत्र बाबांना दाखवलं. दाखवू नकोस असं तू लिहिलं नव्हतंस. वाचून ते चिडले. म्हणाले, तीस वर्षं आपण हेच करतो, ऊन कुठे दोर खातं, ऐलीच्या मनाने घेतलंय. मग त्यांनी तुझा तुकडा वाकवला. वाळक्या गवतासारखा आवाज झाला आणि तळहातावर पांढरी भुकटी पडली. ते बाहेर गेले आणि स्वतःचं खोगीर घेऊन आले. कमरेपुढचा दोर दोन्ही हातांत धरून वाकवला. तस्साच आवाज झाला.

मग ते सौनाच्या, आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर जाऊन बसले. म्हणाले, ऐलीला लिही, की तिचं पत्र आलं नसतं तर एक तारखेला मी याच दोरावर झाडावर असतो.

काकू, तू एक तारखेला ये. मी वीतभर उंचीवरच बसणार आहे. माझ्या गाठी तू तपासायच्या. जंगलात पाऊल टाकणार नाही म्हणालीस तर बाबा तुला उचलून आणतील, असं तेच म्हणाले.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ब्रीटा

ता. क. पाकिटात दोन तुकडे आहेत. दोन्ही पांढरे, ओळखू येत नाहीत, म्हणून एकाला लाल दोरा बांधला आहे. तो बाबांचा.