व्याही बाहेर, सिनेमा आत

गोरेगाव (जि. गोंदिया),
१७ एप्रिल २०११

चि. दुर्गेश यास जीवनलाल भाऊजीचा पोटभर आशीर्वाद.

इकडे तुझ्या बहिणीचा, रामबाईचा गुडघा बरा आहे, उन्हाळी धान बरं आहे, रिंकीच्या लग्नाला बारा दिवस उरले आणि व्याही रुसले. तुझी कंबर कशी आहे ते कळव. (फोनच केला असता, पण हल्ली मी फोनवर बोलता बोलता गायला लागतो असं रामबाईचं म्हणणं आहे, आणि व्याही रुसले तेही त्यापायीच.)

सगळा दोष तुझा. त्या वेगळ्याच गाण्यांच्या सिनेमांची चट मला तूच लावली. तू पाठवलेल्या सीडीत दोन भाऊ जमिनीची मोजणी होताना गाण्यातून भांडतात, तो सिनेमा मी सात वेळा पाहिला. मागच्या सोमवारी आम्ही दोन्ही घरचे लग्नाच्या कपड्यांचा बस्ता घ्यायला गोंदियाला गेलो. बाया साड्यांच्या दुकानात शिरल्या म्हणजे चार तासांची निश्चिंती. मी दुलीचंदजींना म्हटलं, चला व्याही, टॉकीजमध्ये तसलाच एक लागला आहे, पंख्याखाली बसू. आता या माणसाची एक सवय तू सोयरीक जुळवताना सांगितली नाहीस. सिनेमात गाणं लागलं की ते बिडी प्यायला बाहेर जातात. तीस वर्षांत एकही गाणं त्यांनी बसून पाहिलेलं नाही. आणि या सिनेमात, बाबा रे, सगळं बोलणंच गाण्यात!

पडद्यावर सिलिंडरवाला दार वाजवून गायला लागला, तसे ते उठले. दहा मिनिटांनी दारातून डोकं आत घालून विचारलं, "अजून गाऊनच राहिला का जी हा?" मी म्हटलं, आता संपते. (खोटं नव्हतं, मला तसंच वाटलं.) पुन्हा आले तेव्हा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून गात होता. तिसऱ्यांदा नळावरच्या दोन बाया आपापल्या चालीत भांडत होत्या, आणि गंमत म्हणजे दोघींचंही कळत होतं. चौथ्यांदा ते आले की नाही, मला माहीत नाही. मी व्याह्याला विसरलो, दुर्गेश. पार विसरलो.

काय सिनेमा होता! झाडं नाहीत, डोंगर नाही, मागे नाचणारे पन्नास जण नाहीत. म्हातारा जिना चढता चढता गातो, त्याला धाप लागते, सूर सुटतो, आणि तो तसाच ठेवला आहे. शेवटी एक बाप मुलीला बसस्टँडवर सोडायला येतो. साधा माणूस, आवाज माझ्यासारखा फाटका. गातो काय, तर पाण्याची बाटली घेतली का, खिडकीजवळ बस, पोचली की फोन कर. एवढंच, फिरून फिरून. रामबाईच्या ऑपरेशनला न रडलेला मी, खांद्यावरचा दुपट्टा तोंडात धरून रडलो. जे बोलता येत नाही ते गाता येतं, हे मला या वयात कळलं.

बाहेर आलो तर व्याही पायरीवर, भर उन्हात, धोतरांच्या पिशव्या मांडीवर, बिडीचं बंडल खलास. मी लगेच माफी मागितली, पण डोक्यात सिनेमा चालूच होता, त्यामुळे माफी चालीवर निघाली. ते लालेलाल. म्हणाले, "माझ्या पोराच्या लगनात तुमी एक सूर जरी काढला, तं मी मांडवातून उठून जाईन!" रामबाईनं माझ्या वतीनं तिथंच कबूल करून टाकलं. तेव्हापासून घरात माझं गाणं बंद.

असो. पोरांना घेऊन दोन दिवस आधीच ये.

तुझा,
जीवनलाल

ता. क. : खरं काम हे. रिंकीसाठी मी एक मंगलाष्टक लिहिलं आहे. त्यात देवदेवता नाहीत. सकाळी उपाशी राहू नको, डोकं दुखलं तर सांगत जा, असंच काहीबाही आहे. हे तिला बोलून सांगायला गेलो की मी मांडवाचा हिशेब विचारून परत येतो. तुझा शब्द दुलीचंदजी मोडत नाहीत. त्यांना म्हण, एकच अष्टक. हात जोडतो रे.

आणखी एक ता. क. : मामा, मी रिंकी. बाबांनी पत्र टाकायला माझ्याजवळ दिलं, मी वाचलं. तुम्ही काही बोलू नका, सासऱ्यांशी मीच बोलली. बाबांनी गाणं सुरू केलं की त्यांनी उठून बाहेर जायचं. मांडवामागे खुर्ची, चहा आणि बिडीचं बंडल मी ठेवते. ते तयार आहेत, फक्त एवढंच विचारलं, "हा गाना तरी संपंल ना वो बाई?" मी म्हटलं, नाही संपला तरी मला चालते.