अठ्ठ्याऐंशीव्या दिवसाचा चहा

कावाने, ११ मे

नात्सुए,

दोन मे, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. वेळ मला ठाऊक आहे, कारण औषधं घेऊन मी खोलीत शिरले तेव्हा नर्स ह्यांच्या पाठीवर थापट्या मारत होती, आणि मी घड्याळाकडे बघत होते. ह्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पत्राच्या सुरुवातीला ऋतूची विचारपूस करावी असं शाळेत तुला-मला एकाच बाकावर बसवून सिस्टरांनी शिकवलं. ती आज करत नाही. तुझी तब्येत ठीक असेलच. तू चहा पितेस.

पलंगाच्या डोक्याशी पाटी होती: सगळं पातळ दाट करूनच द्यावं. ऑक्टोबरात झटका आल्यापासून ह्यांना गिळता येत नाही. पाणी, सूप, चहा, सगळ्यात दाट करायची पावडर घालून खळ करायची आणि चमच्याने भरवायची. हे तुला माहीत होतं. तरी घरून ह्यांचा कप आणलास, पाणी निववलंस आणि पातळ चहा पाजलास.

"वहिनी, एकच घोट दिला गं! आज वसंत लागल्यापासूनचा अठ्ठ्याऐंशीवा दिवस. सकाळीच खुडलाय, आपल्याच उतारावरचा. आजचा चहा पोटात गेला की वर्षभर आजार जवळ येत नाही."

"आजार कधीच आलाय, नात्सुए. त्या खाटेवर झोपलाय."

मग मी तुला बाहेर काढलं. कप तुझ्या पिशवीत कोंबला. त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

घोट फुफ्फुसात गेला. तिसऱ्या दिवशी ताप चढला. आता नाकाला नळी आहे आणि तोंडाने काहीच नाही, खळसुद्धा नाही. डॉक्टर तरुण आहेत, सभ्य आहेत. "आजी, आता त्रास होऊ नये एवढंच बघायचं," म्हणाले. मी समजले. मला दोनदा सांगावं लागत नाही.

मी इथे बरी आहे. रोज तीन कप घेते. कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा ह्यांनीच माझी कॉफी बंद केली. "रक्तदाब आहे तुला. सकाळी एक, दुपारी एक, जेवणानंतर एक. बघ, माझ्यामागे वीस वर्षं जगशील." वर्षानुवर्षं चहाची पानं वाफवण्या-वळण्यात घालवलेला माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार? रक्तदाब आता अगदी उत्तम आहे. डॉक्टरांनी कौतुक केलं.

ती खळ हे तोंडात घेत, आणि डोळे मिटून घेत. चहाचा तो रंग बघायला नको म्हणून. तेही मला दोनदा सांगावं लागलं नाही.

आता कामाचं.

परवा ती नर्स मला म्हणाली, "त्या दिवशी ठसका लागायच्या आधी आजोबा काहीतरी बोलले. मी दारात होते, मला ऐकू नाही आलं. पण चहा देणाऱ्या ताई हसल्या."

ऑक्टोबरापासून ह्यांच्या तोंडून शब्द नाही, नात्सुए. मी रोज तिथे होते. रोज बोलत होते. ते बोलले तेव्हा मी खाली औषधांच्या खिडकीशी रांगेत उभी होते.

काय बोलले?

फोन करू नकोस. फोनवर तू नुसती रडतेस, आणि रडण्यातून मला शब्द वेचता येत नाहीत. माफीही मागू नकोस, तिचं काय करू मी? ह्यांचे शब्द लिही, जसेच्या तसे. गोड करून नको. "कडू आहे" म्हणाले असतील तर "कडू आहे" लिही. तुझं नाव घेतलं असेल तर तेही लिही. माझं घेतलं नसेल तर मुद्दाम घालू नकोस, मला कळेल.

डॉक्टर तारीख देत नाहीत, म्हणून मी देते. वीस मेच्या दुपारच्या टपालाने लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. तेच शब्द मला ह्यांना परत म्हणून दाखवायचे आहेत, आणि ऐकायला ते त्यानंतर असतील असं मला वाटत नाही.

तोवर तुझी वहिनी,
मिसाओ