उपासनेची बस

ट्रॉय, मिशिगन
८ सप्टेंबर २०२४

ती. शोभनाताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. तुझा फोन सदा स्पीकरवर असतो आणि इंदोऱ्याची अर्धी वस्ती कान लावून बसलेली असते, म्हणून. हे आधी तू एकटीने वाचावंस.

मैत्रीला कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडून आलो त्याला तीन आठवडे झाले. घर आवरून झालं, मसाल्याचे डबे घासून झाले, तेच डबे परवा पुन्हा घासले. अनुप सकाळी सातला ऑफिसला जातो तो सहाला येतो. एन्जॉय कर, आता तू फ्री आहेस, असं म्हणतो. ताई, मला त्या फ्री असण्याचीच धास्ती वाटते. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. मार्चमध्ये पन्नास पूर्ण होतील. इथे आल्यापासून बावीस वर्षं मी कसली ना कसली वाट बघत होते. आधी व्हिसावर कामाची परवानगी नव्हती, ती मिळाली तेव्हा मैत्री लहान होती, मग म्हटलं ग्रीन कार्ड येऊ दे. ते गेल्या वर्षी आलं. आता सांगायला कारणच उरलं नाही.

तर बातमी अशी. आमच्या कोपऱ्यावर रोज शाळेची पिवळी बस थांबते. चालक हवेत, आम्ही शिकवू, असा फलक तिच्यावर महिनाभर आहे. मी फॉर्म भरलाय. चाळीस फुटांची बस, ताई! हसू नकोस. माझ्या केमिस्ट्रीच्या एम.एस्सी.ला इथे कोणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आता प्रयोगशाळेत जायचं नाही. ही बस चालवायची आहे. का, ते नीट सांगता येत नाही. अनुपला अजून बोललेले नाही. तू हो म्हणालीस की अंगात बळ येईल.

भाऊजींना जयभीम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उपासना

नागपूर
१ ऑक्टोबर २०२४

चि. उपासना हिस,
अ. आ.

पत्र पोचलं. एकटीनेच वाचलं. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

भरलेला फॉर्म परत घे. आबा मालधक्क्यावर पोती वाहायचे. पाठीला तेल लावून घेताना एकच सांगायचे, माझ्या पोरींच्या हातात पुस्तक पाहिजे. आई गेली तेव्हा मी अठराची आणि तू आठची. माझं कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं. डी.एड. करून मी शाळेत चिकटले ते तू शिकावीस म्हणून. आपल्या घराण्यातली पहिली एम.एस्सी. तू. विहारात मुलींना मी अजून तुझं उदाहरण देते. त्यांना आता काय सांगू, ड्रायव्हर झाली? ज्या ओझ्याखालून आपण एवढ्या कष्टाने बाहेर आलो, तिथे तू हौसेने परत जातेस. तिकडे कुठलंच काम हलकं मानत नाहीत, हे मला ऐकवू नकोस. तिकडे मानत नसतील, माझ्या मनात ते आहे.

शिवाय तो बर्फ, ती परक्यांची पन्नास लेकरं. सायकल शिकताना तू सार्वजनिक नळावर जाऊन आदळली होतीस, चार बायकांच्या घागरी लवंडल्या होत्या. विसरलीस?

करमत नसेल तर तिथल्या मुलांना गणित शिकव. नाहीतर सरळ इकडे ये. दीक्षाभूमीवर आमच्या महिला मंडळाचा पुस्तकांचा स्टॉल असतो, हातांना काम मिळेल.

अनुपरावांना आणि मैत्रीला आशीर्वाद. तुलाही आहे, पण या कामासाठी नाही.

तुझी,
ताई

ट्रॉय
१० नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी परीक्षेला गेले आणि नापास झाले. हो, फॉर्म परत घेतला नव्हता.

नापास कशी झाले ते ऐक. बस चालवायला बसण्याआधी तिच्याभोवती फिरून एकेक भाग दाखवायचा असतो, आणि तो शाबूत आहे हे मोठ्याने सांगायचं असतं. मी टायर पाहिले, दिवे पाहिले, आरसे हलवून पाहिले, वाकून खालचे नटबोल्ट पाहिले. एकही सोडला नाही. पण हे सगळं मुकाट्याने केलं! परीक्षक बाईंनी शेवटी शांतपणे सांगितलं, की तुम्ही पाहिलं असेल, पण मला काहीच ऐकू आलं नाही, आणि न बोललेल्याचे गुण मला देता येत नाहीत.

गाडीत बसून खूप रडले. बावीस वर्षं घरात मी हेच केलं. गॅस, दारं, मैत्रीचा ताप, अनुपचा चेहरा, सगळं तपासत राहिले आणि तोंडातून शब्द काढला नाही. तुझ्यापाशी तरी कुठे काढला? एम.एस्सी. तू म्हणालीस म्हणून केली, स्थळ तू पसंत केलंस, अमेरिकेला जा असंही तूच सांगितलंस. वाईट काहीच झालं नाही. पण प्रत्येक हो म्हणण्याआधी मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. आबांना पोती उचलण्यावाचून इलाज नव्हता. मला आहे, आणि तरी मला हे काम हवंय. हा फरक तुला पटणार नाही कदाचित.

काल अनुपला सांगितलं. आधी तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने हसू आवरलं. मित्रमंडळी काय म्हणतील, असं पुटपुटला. मग गाड्यांच्या ब्रेकवर आयुष्य घालवलेला हा माणूस जेवता जेवता एअर ब्रेकवर माझी तोंडी परीक्षाच घ्यायला लागला. दोन उत्तरं त्याची चुकली.

डिसेंबरात पुन्हा परीक्षा देते आहे. ताई, या वेळी परवानगी मागत नाही. तुला कळवते आहे.

रागाव, पण तोडू नकोस.

तुझी,
उपासना

ट्रॉय
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं उत्तर नाही. व्हिडिओ कॉलवर मैत्रीची चौकशी करतेस आणि फोन भाऊजींकडे देतेस. म्हणून हे पत्र तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते.

पास झाले. इतकं मोठ्याने बोलले की शेजारच्या बसमधला माणूस वळून बघायला लागला. सोमवारी पहिली फेरी केली. दुसऱ्याच वस्तीत एक वळण चुकले, तर सगळी बस ओरडून मला रस्ता सांगायला लागली. चार मिनिटं उशीर झाला. रोज पाचला उठते आणि रोज वाटतं की आज जमणार नाही. पुढच्या वर्षी मी हे करत असेन की नाही, माहीत नाही. पण तुझा अबोला असताना मला काहीच नीट करता येत नाही, हेही खरं.

दोन ओळी तरी पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझी,
उपासना

नागपूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. उपासना हिस,
अ. आ.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून मी भिरकावलं होतं. परवानगी मागत नाही म्हणे! मग उचललं आणि तुझ्या भाऊजींना दिसू नये म्हणून गादीखाली ठेवलं.

आई गेल्यापासून तू मला विचारल्याशिवाय वेणीची रिबिनसुद्धा निवडली नाहीस. मी सगळ्यांना सांगत आले, की उपासनाला माझा आधार लागतो. रिटायर होऊन वर्ष झालं. शाळेत आता मला कोणी काही विचारत नाही. तूही विचारायचं बंद केलंस, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. आधार मला लागत होता, बाई. हलक्या कामाचं मी पुढे केलं, कारण ते बोलायला सोपं होतं.

आबांबद्दल तू लिहिलंस ते मला अजून पटलेलं नाही. त्यावर समोरासमोर भांडू. विहारात मात्र परवा एकीने विचारलं, तेव्हा सांगून टाकलं. दोघी-तिघींची तोंडं वाकडी झाली. मला त्यांचा इतका राग आला की माझं मलाच नवल वाटलं.

तू पाचला उठतेस तेव्हा इथे दुपारचे साडेतीन वाजतात. मी त्या वेळी जरा पडायची. हल्ली पडवत नाही. बर्फावर बस घसरली तर काय करतात ते सविस्तर लिहून पाठव. म्हणजे निदान काळजी तरी मला नीट करता येईल.

तुझी,
ताई