इतिहास इथेच राहिला

प्रिय काझ,

आपली फुटबॉल टीम क्लीव्हलंड सोडून बाल्टिमोरला गेली, त्याच वर्षी तूही नोकरीसाठी तिथेच गेलास. "गद्दारा, तोंड दाखवू नकोस!" असं मी ओरडले, आणि तू ते आजवर पाळलंस.

गावाने भांडून टीमचं नाव, रंग, सगळा इतिहास इथेच ठेवून घेतला. मी तुझं काहीच ठेवून घेतलं नाही. परवा नातीने विचारलं, "पणजोबा मॅचला टीमच्या बाकी चाहत्यांबरोबर कुत्र्यासारखे भुंकायचे, ते कसे?" मी भुंकून दाखवलं. छे! बाबांचं भुंकणं फक्त तुलाच जमायचं.

हे पत्र टाकायचा धीर होत नाही. फोनच लावते. आधी मीच भुंकेन. चुकीचं भुंकले की तुला राहवणार नाही.

तुझी भांडखोर बहीण,
वांडा