कोरी बाटली

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

त्या सकाळी मी चहाचं पातेलं घासत होते. तळाशी नेहमीचा पांढरा थर धरला होता, आणि तो तारेच्या घासणीलाही दाद देत नव्हता. सून पोरीची वेणी घालत होती. पोरगी "आई, ओढू नकोस गं" म्हणून घर डोक्यावर घेत होती. हे ओट्यापाशी उभे राहून तुमच्या संशोधन केंद्राच्या, तळ्याचं पाणी आणायच्या बाटल्या पेटीत लावत होते. मी म्हटलं, "अहो, बाजूला व्हा, मला पाणी भरायचंय." तर म्हणाले, "थांब गं, आधी माझं पाणी, मग तुझं."

बघ, आशीर्वाद लिहायचे राहिलेच. ते घे. तू बरी असशील असं धरून चालते. आम्हीही बरे आहोत. माझे गुडघे उठताबसता कुरकुर करतात, पण मी त्यांचं ऐकत नाही. सून शिवणाच्या कामाला जाते. मुलगा महिन्याआड येतो. पोरीला शाळेत वाचनाचं बक्षीस मिळालं. "आजी, तू कधी शिकलीस वाचायला?" असं तिनं विचारलं. मी सांगितलं, तुझ्या आजोबांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. तिला वाटलं मी थट्टा करते. तुला ठाऊक आहे, ते खरंच आहे. 'तळे, उत्तर काठ' हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य. पुढे वाचनालयातली पुस्तकं आली, वर्तमानपत्रं आली, पण सुरुवात त्या काठावरच झाली.

ह्यांच्या दिवसांनंतर तू आली नाहीस. मी वाट पाहिली, पण राग धरला नाही. का आली नाहीस हे मला कळतं असं वाटतं. त्यावर खाली लिहीन. आधी दुसरं सांगते.

गेल्या आठवड्यात पोरीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दुधाचे दात पडून समोरचे नवे आलेत, आणि त्यांवर खडूसारखे पांढरे पट्टे. एकावर तपकिरी डागही धरलाय. सून म्हणाली, "आई, कशाला उगाच पैसे घालवता? घराण्याची सही आहे ती." आपल्याकडे असंच म्हणतात ना. सासूबाईही म्हणायच्या, गल्लीतली लेक कोण आणि सून कोण हे तोंड उघडलं की कळतं. लेकींचे दात तपकिरी, सुनांचे पांढरे. मी नवी नवरी असताना तू मला हसायला लावायचीस आणि मैत्रिणींना दाखवायचीस, "बघा, बाहेरची!" तुझे स्वतःचे दात मात्र तू तळहाताआड ठेवायचीस. पहिल्या पगारातून तू त्यांवर टोप्या बसवून घेतल्यास. मला आनंदच झाला होता. पण हसताना हात तोंडावर न्यायची तुझी सवय काही गेली नाही.

डॉक्टर तरुण होती. तिनं पोरीचा ओठ वर केला, बघितलं, आणि दातांबद्दल काही न बोलता एकदम विचारलं, "आजी, घरी पाणी कुठलं पिता?"

मी म्हटलं, "गल्लीच्या बोअरचं. माझ्या सासऱ्यांनी मारलेली आहे. गोड पाणी आहे."

"आणि ही जन्मापासून तेच पिते?"

"हो. उकळून, गाळून देते मी."

ती म्हणाली, "तपासल्याशिवाय मी काही ठाम सांगणार नाही. पण पाण्यातलं फ्लोराईड तपासून घ्या. उकळल्यानं हे जात नाही, आजी. पाणी वाफ होऊन जातं आणि हे तेवढंच खाली उरतं."

धाकटे, पोरगी माझा पदर ओढत होती. माझ्यासमोर ती डॉक्टर नव्हतीच. आपल्या पायरीवर बसून हरणाचा जबडा फडक्यानं पुसणारे हे होते.

आठवतंय तुला? तळ्याकाठची हरणं मरत होती, आणि गवत तर गुडघाभर होतं. कुणाला कळेना की इतक्या चाऱ्यात जनावर उपाशी कसं मरतं. मग ह्यांनी मेलेल्या हरणांचे जबडे आणायला सुरुवात केली. तू ते ओळीनं मांडलेस. डागाळलेले, ठिसूळ, हिरडीपर्यंत झिजलेले दात. त्यांना चावताच येत नव्हतं. पायांची हाडं गाठाळलेली. तू म्हणालीस, हे पाण्यातून येतं, आणि तुझा संशय वरच्या कौलांच्या कारखान्यावर होता. ह्यांनी एक जबडा उचलून तुझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "ही तर आपल्याच घरची दिसते! हिचं लग्न कुठं ठरवायचं?" आपण सगळे पोट धरून हसलो. तूही हसलीस, हात तोंडावर ठेवून.

आपण हसलो आणि तिथंच थांबलो. मी तुला बोल लावत नाही. टोप्या बसवल्या की माणूस आपले जुने दात विसरतं. मला तर माझे पांढरे दात मिरवायची हौस होती. मी कशाला विचार करते?

आता त्या सकाळकडे परत येते. सांगायचं होतं ते तेवढंच आहे, आणि तेच मी दोन पानं टाळत आले.

कोरी बाटली म्हणजे काय, हे मला ह्यांनीच समजावलं होतं. केंद्रातून शुद्ध पाण्याचा कॅन मिळतो. त्यातून एक बाटली भरायची, बाकीच्या बाटल्यांबरोबर तळ्यावर न्यायची, तिथं क्षणभर उघडायची, बंद करायची आणि परत आणायची. सगळा प्रवास करायचा, पण आत काही येऊ द्यायचं नाही. तिच्यात काही सापडलं तर समजायचं की हाताळण्यात घोळ झाला, आणि बाकीच्या बाटल्यांवरही विश्वास ठेवायचा नाही. सासूबाईंची आणि शेजारणीची भांडणं ऐकून मी गप्प घरात आले की हे म्हणायचे, "आली माझी कोरी बाटली." मला ते आवडायचं.

त्या सकाळी कॅन रिकामा होता. जीपमध्ये झाकण तडकून रात्रीतून सगळं पाणी गळून गेलं होतं. मी म्हटलं, "केंद्रात जाऊन दुसरा आणा ना." म्हणाले, "ऊन चढलं की तळ्यावर जाण्यात अर्थ नाही. आणि धाकटी म्हणेल, दादाला एक कॅन सांभाळता येत नाही." मग त्यांनी माझ्या झाकलेल्या पातेल्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी उकळून, गाळून ठेवलेलं पाणी. त्यातून त्यांनी कोरी बाटली भरली. उजेडाला धरून पाहिली. मला म्हणाले, "तुझ्या हातचं पाणी. ह्याहून स्वच्छ काय असणार?"

मला काय वाटलं ते सांगू? मला अभिमान वाटला.

पुढचं तुला माहीत आहे. कोऱ्या बाटलीत तळ्यापेक्षा जास्त फ्लोराईड निघालं. तू घरी आलीस, चपलाही काढल्या नाहीस. "दादा, खरं सांग. कोरी बाटली कॅनमधूनच भरलीस ना?"

"मग काय गटारातून भरू?"

"मग बाटली धुतली नसशील. माझ्या सगळ्या हंगामाची माती झाली. भावाला कामावर घेतलं म्हणून लोक आधीच बोलतात, आता माझ्याकडे उत्तर नाही."

मी चहा घेऊन दारात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं ते त्यांनीच बोलावं, असं मला वाटलं. त्यांना वाटलं असेल, ही एवढीशी गोष्ट, आपल्या घरच्या पाण्यानं काय होणार आहे? खरंच घोळ दुसरीकडेच झाला असेल. ते बाटल्या कशा धुवायचे ते मी पाहिलं आहे. लेकरालाही कुणी इतक्या जपून न्हाऊ घालत नाही. 'धुतली नसशील' हे त्यांच्या जिव्हारी लागलं. 'खोटं बोललास' असं तू म्हणाली असतीस तर ते कमी लागलं असतं, कारण ते खरं होतं.

तू पाणी आणायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलंस. मेलेली हरणं उचलायचं तेवढं ठेवलंस. पावसाळ्यानंतर तळ्यातलं एक हरीण ओढून काढायला हे गेले, आणि गुडघाभर पाण्यात पालथे सापडले.

गुडघाभर पाण्यात माणूस कसा बुडेल? गल्लीत हेच कुजबुजतात. मी पाणी भरायला गेले की गप्प होतात. कामावरून अपमान झाला, मनाला लावून घेतलं, स्वतःच केलं असेल. तुझ्याही मनात तेच आहे, म्हणून तू दिवसांनंतर उंबरा ओलांडला नाहीस. हो ना?

मग ऐक, आणि हे माझ्याकडून ऐक, कारण त्यांच्या सदऱ्याची बटणं शेवटच्या वर्षी मी लावत होते. त्यांची पाठ लाकडासारखी झाली होती. मान वळत नव्हती, वर होत नव्हती. कुणी हाक मारली तर अख्खे वळायचे. चपला मी घालून द्यायचे. कुणाला सांगू दिलं नाही, तुला तर मुळीच नाही. 'म्हातारा झालो' म्हणायचे, आणि वय काही म्हातारं नव्हतं. चिखलात पाय सरकला, पालथे पडले, आणि तोंड पाण्याबाहेर काढायला मान उचललीच गेली नाही. एवढंच झालं. त्यांनी तुझ्या बोलण्यानं जीव दिला नाही. संध्याकाळी आल्यावर पाढे ऐकेन, असं पोरीला सांगून गेले होते ते.

दुखणं वाढलं तशी मी पाणी जास्त उकळायला लागले. आजारी माणूस, म्हणून निम्मं आटेपर्यंत. त्यांना मी पेल्यानं पाजायचे. धाकटे, ह्या वाक्यापुढे मला काही लिहिता येत नाही, म्हणून दुसरा परिच्छेद धरते.

ह्या पत्राबरोबर खोका पाठवते आहे. त्यात तीन वस्तू आहेत. एक बाटली आपल्या पिण्याच्या हंड्यातली. दुसरी खरी कोरी: गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळतं, सीलबंद, ते घेतलं. गॅरेजवाला म्हणाला, "काकू, गाडी कधी घेतलीत?" हंड्यापाशी नेऊन उघडली, बंद केली, ह्यांच्यासारखी. तिसरी पुडी नीट उघड. त्यात त्यांची दाढ आहे, मरणाआधीच्या उन्हाळ्यात काढलेली. का ठेवली होती ते मलाच माहीत नाही. हरणांच्या दाढा तू कापून बघायचीस, तशी ही बघ. चिठ्ठ्या मी लिहिल्यात. 'स्वयंपाकघर, दक्षिण भिंत.' तिसऱ्या चिठ्ठीवर ठिकाण काय लिहावं ते सुचलं नाही. कोरी ठेवली.

माझी समजूत चुकीचीही असेल. मी वाचते, पण शिकलेली नाही. मला चुकीचीच ठरव, मी गल्लीत पेढे वाटीन. पण तपास. आणि तुझा तो हंगाम वाया गेला नव्हता असं मला वाटतं. कदाचित कारखान्याचाही दोष नसेल, खालचा खडकच तसा असेल. मामंजींनी गल्लीला ओढ्याचं गढूळ पाणी प्यावं लागू नये म्हणून खोल बोअर मारली. लोकांनी त्यांच्या पाया पडून ते पाणी घेतलं. शिवी कुणाला द्यावी तेही कळत नाही.

एकच अडचण राहते. तुझं उत्तर येईपर्यंत गल्ली काय पिणार? नळावर जाऊन सांगावं, तर विचारतील, "तुला कसं कळलं?" मग बाटलीचं सांगावं लागेल. ज्यांच्याबद्दल इथं सगळे म्हणतात की माणूस गेला पण खोटं बोलला नाही, त्यांचं खोटं मलाच उघडं करावं लागेल. त्यांच्यापाशी आता तेवढं नावच उरलंय. म्हणून तुझ्या उत्तराची वाट बघावी, असं मी ठरवलं होतं. इथवर लिहून पत्र बंद करणार होते. तेवढ्यात पोरगी शाळेतून आली आणि ओट्याशी जाऊन, मान मागं टाकून, गटागटा पाणी प्याली.

१३ फेब्रुवारी

सकाळी नळावर गेले. सगळ्या जणी होत्या. मी हंडा उपडा ठेवला आणि सांगितलं की हे पाणी लेकरांना देऊ नका. बाटलीचं सांगितलं, कुणी भरली ते सांगितलं, विचारल्यावर काय उत्तर दिलं तेही सांगितलं. शेजारीण म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या नावानं बोलतेस, लाज नाही वाटत?" मी तिच्या धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि तिला हसायला सांगितलं.

दोघींनी हंडे ओतले. बाकीच्यांनी भरून नेले. घरी येऊन मी पातेलं पालथं घातलं, आणि पोरीला घेऊन ओढ्यापलीकडच्या पावसाच्या पाण्याच्या टाकीवर पाणी आणायला गेले.

तू ये. चपला काढून ये.

आता कोरी न राहिलेली,
तुझी वहिनी